पासिंगचे दागिने

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी लगेच सांगतो: गास गावच्या नाक्यावरून शाळेची व्हॅन चालवणाऱ्या काकांचे. आई-वडिलांची गोष्ट वेगळी, त्यांना उपकारांत धरत नाहीत. काका नात्याने माझे कोणी नाहीत. आमचं घर शेतालगत, त्यांचं नाक्याजवळ, एवढीच ओळख. पण आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर झालो, तेही फिजिक्स घेऊन, आणि त्याची सुरुवात त्यांच्या व्हॅनच्या पुढच्या सीटवर झाली.

मी आठवीत होतो तेव्हा काकांनी ती व्हॅन नवी कोरी आणली. मला गाडी लागायची. दुसऱ्याच दिवशी मी नव्या सीटवर उलटी केली. काकांनी सीट धुतली आणि मला पुढे बसवलं. म्हणाले, "तोंड चालू ठेव. बोलत राहिलास तर पोटातलं वर येत नाय." मी काय बोलणार? मग तेच विचारायला लागले. "बोल सायन्स, आज काय शिकवलं?" त्या दिवसापासून माझं नाव 'सायन्स' पडलं.

काका स्वतः सातवी. पण प्रश्न असे विचारायचे की आमच्या सरांनीही कधी विचारले नाहीत. "ब्रेक मारला का आपन पुढं का जातो?" "आरशात अक्षर उलटं का दिसतं?" "पत्रा तापतो तेवढी सीट का तापत नाय?" उत्तर आलं नाही तर म्हणायचे, "उद्या सांग. नाय सांगितलंस तर मागं बसवीन." मागे बसणं म्हणजे उलटी, आणि उलटी म्हणजे अख्ख्या व्हॅनमध्ये फजिती. म्हणून मी संध्याकाळी पुस्तक उघडायचो. विज्ञानाची गोडी मला अशी उलटीच्या भीतीने लागली, हे मी आजही कोणापासून लपवत नाही.

आता मी वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात काम करतो. कारखान्यांची मोजमापाची उपकरणं आमच्याकडे तपासायला येतात. राहायला बोळिंजला आहे, आई-वडील गासलाच. कामावर पहिल्या आठवड्यात आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. एकच वस्तू दोघांनी मोजली आणि आकडे वेगळे आले, तर आधी उपकरण तपासा, मग माणूस तपासा, आणि मग दोघं एकच गोष्ट मोजतायत ना, तेही तपासा. ही तिसरी पायरी मी विसरलो, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

गोष्ट गेल्या मे-जूनमधली. काकांच्या व्हॅनला तेरावं वर्ष लागलं होतं. भाड्याची गाडी जुनी झाली की तिचं दरवर्षी पासिंग करावं लागतं. म्हणजे परिवहन खात्याच्या मैदानावर गाडी न्यायची, निरीक्षक साहेब ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, टायर, सगळं बघणार, चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिलीने छाप घेणार आणि गाडी रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा दाखला देणार. दाखला नसेल तर शाळा व्हॅनला फाटकातून आत घेत नाही. आणि शाळा उघडायच्या दिवशी व्हॅन नसेल, तर पालक तरी किती थांबणार? त्या वर्षी नालासोपाऱ्यातून एक नवी बससेवा सुरू झाली होती. तिची माणसं गास आणि राजोडीत घरोघरी चिठ्ठ्या वाटून गेली होती. शाळा उघडेल त्या सोमवारी जो काकांच्या व्हॅनमध्ये बसला नाही, तो परत बसणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

गासच्या स्टँडवर आठ व्हॅन होत्या, सगळ्या जुन्या. आणि तिथे एक पद्धत होती. माझ्या माहितीत ती दुसऱ्या कुठल्या स्टँडवर नाही, असली तरी कोणी कबूल करणार नाही. काकांच्या रिकाम्या गोठ्यात एक पत्र्याची मोठी पेटी होती. त्यात आग विझवायचं नळकांडं, औषधांचा डबा, वायपरच्या दोन काड्या, लख्ख काचेचे दोन दिवे. आणि पेटीशेजारी, गोणपाटाखाली, चार टायर. त्यांच्या खाचा एवढ्या खोल की त्यात करंगळी रुतावी. आठही ड्रायव्हरांनी मिळून हे सामान कधीतरी घेतलं होतं. ज्याचं पासिंग असेल त्याने आदल्या दिवशी ते न्यायचं, गाडीला चढवायचं, आणि पासिंग झालं की उतरवून परत आणून ठेवायचं. या सगळ्याला स्टँडवर म्हणत 'दागिने'.

"उद्या पोरीला बघायला येणार," ज्याचं पासिंग असेल तो म्हणायचा. "दागिने काढा, काका."

"घे. पन परत आन. गेल्या वेळेला वायपरची काडी सासरीच ठेवून आलास."

सगळे हसायचे. मीही लहानपणापासून हसत आलो होतो. लग्नात शेजारणीचा हार मागून घालतात, तसंच हे. यात काही चुकतंय असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते.

शाळा उघडायला दहा दिवस असताना, शुक्रवारी, काकांचं पासिंग होतं. संध्याकाळी मी आईला भेटायला गासला गेलो, तर नाक्यावर काका व्हॅनच्या पायरीवर बसलेले. हातात तपासणीचा कागद.

"काय झालं, काका?"

"नापास."

मला खरंच वाटेना. काकांची गाडी म्हणजे ब्रेक लावला की जागेवर. इंजिनाचं काम नुकतंच केलेलं. कागदावर एकच शेरा होता: टायर खराब, बदलून पुन्हा आणणे.

शेजारी स्टँडवरचा मिशीवाला ड्रायव्हर उभा होता. वयाने तिशीतला, तोंडाने कायम चालू. त्याचं पासिंग मंगळवारीच झालं होतं. तो म्हणाला, "काका, दागिने मला शोभले, तुम्हाला नाही शोभले. आता वय झालं तुमचं."

"गप रे. मंगलवारचा साहेब वेगला होता."

"साहेब वेगळा, पण टायर तर तेच ना?"

तो हे सहज बोलून गेला, पण माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. टायर तेच! मंगळवारी एका साहेबांनी ते पास केले, शुक्रवारी दुसऱ्या साहेबांनी नापास केले. मधल्या तीन दिवसांत ते टायर मैदानापासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून मैदानापर्यंत, एवढेच फिरलेले. एकच वस्तू, दोन माणसं, दोन उत्तरं! लोक वर्षानुवर्षं तक्रार करत होते की पासिंग साहेबाच्या मूडवर असतं, पण सिद्ध कोण करणार? प्रत्येकाची गाडी वेगळी, प्रत्येकाचा दिवस वेगळा. इथे मात्र योगायोगाने प्रयोगशाळेत करावा तसा प्रयोग होऊन गेला होता. मला प्रचंड आनंद झाला.

शनिवारी मी कामावरून खोलपणा मोजायचं गेज परवानगी घेऊन आणलं आणि गोठ्यात बसून चारही टायरांच्या खाचा मोजल्या. प्रत्येक टायरवर सहा जागी. खाचेच्या तळाशी कंपनीनेच एक छोटी उंच पट्टी ठेवलेली असते. रबर झिजून त्या पट्टीला लागलं की टायर संपला. इथे रबर पट्टीपासून कितीतरी वर होतं. काका दारात उभे राहून बघत होते.

"काय करतंस रे सायन्स?"

"काका, तुम्ही बघाच. सोमवारी कळेल."

मला त्यांना चकित करायचं होतं. आठवीतला मुलगा उत्तर शोधून दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर बसायचा ना, तसं. रविवारी मी तीन पानांचा अर्ज लिहिला. त्यात तक्ता केला: वाहन पहिलं, वाहन दुसरं, दिनांक, टायरचा क्रमांक, खाचेची खोली, निरीक्षकांचा शेरा. शेवटी नम्र विनंती की एकाच टायरला दोन न्याय मिळू नयेत. अर्ज वाचून मी स्वतःच दोनदा उठून घरात फेऱ्या मारल्या. इतकं चांगलं मी परीक्षेतही कधी लिहिलं नव्हतं.

सोमवारी अर्धी रजा टाकून मी परिवहन कार्यालयात गेलो. तिथले मोठे साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, शांत. त्यांनी अर्ज माझ्यासमोरच वाचायला घेतला. पहिलं पान वाचून मान हलवली. दुसऱ्या पानावरचा तक्ता वाचला, मग परत वाचला. चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हे दुसरं वाहन... टायरचा क्रमांक तोच आहे."

"हो साहेब! तेच तर म्हणणं आहे. टायर तेच."

"म्हणजे मंगळवारी या गाडीला होते, ते शुक्रवारी त्या गाडीला?"

"हो साहेब."

"कसे काय?"

माणूस किती हुशार आणि त्याच वेळी किती मूर्ख असू शकतो, ते मला त्या खुर्चीत कळलं. मी माझ्या सुंदर अक्षरात, तक्त्यासकट, सही करून, अख्ख्या स्टँडची चोरी लिहून दिली होती.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "टायर कुठे आहेत?" मी सांगितलं. खोटं मला सुचलंच नाही. त्यांनी शुक्रवारच्या निरीक्षकांना बोलावलं. तरुण होते, माझ्याच वयाचे. त्यांनी त्या दिवशी काढलेला टायरचा फोटो मोबाइलवर दाखवला. खाचेचा नव्हता, बाजूचा होता.

"तुम्ही खाच मोजलीत," ते मला म्हणाले. आवाजात चिडचिड नव्हती, उलट उत्साहच होता, जसा माझ्या आवाजात असतो. "बाजूला बघा. क्रमांकाच्या शेवटी हे चार आकडे. पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. टायर कधी बनला ते यावर लिहिलेलं असतं. बघा वर्ष."

मी बघितलं. दहा वर्षांपूर्वीचं होतं.

"आणि या बारीक भेगा. रबर वाळलंय. धावलाच नाही तर झिजणार कुठून? पण ठेवून ठेवून म्हातारा झालाय. पोरं बसवून जोरात ब्रेक मारला, तर काय होईल सांगता येत नाही."

म्हणजे शुक्रवारचे साहेब बरोबर होते, मंगळवारचे चूक होते, आणि माझं गेज अगदी अचूक होतं, पण मोजलेली गोष्टच वेगळी होती. तिसरी पायरी. मला भयंकर शरम वाटली, आणि खरं सांगतो, त्याच वेळी आतून एक उकळीही फुटत होती. चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष! इतकी वर्षं मी त्या टायरांकडे बघतोय आणि हे मला ठाऊक नव्हतं!

मोठ्या साहेबांनी अर्जावर शिक्का मारला. "तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझ्या दोन माणसांनी दोन रीतींनी बघितलं. एकाने खाच बघून सोडून दिलं, एकाने बाजू बघितली. हे व्हायला नको होतं, आणि ते मी बघतो. पण कागद आलाय म्हणजे दुसरं अर्धंही मला बघावं लागणार. शनिवारी तुमच्या स्टँडच्या आठही गाड्या मैदानावर. एकाच वेळी. एकच निरीक्षक, एकच यादी, सगळ्यांना सारखी. पास झालेल्यासुद्धा. आणि ते चार टायर इथे आणून द्यायचे."

आठही गाड्या एकाच वेळी. म्हणजे दागिने कोणालाच नाहीत.

मी नाक्यावर पोहोचायच्या आधीच फोन पोहोचले होते. सगळे जमलेले.

"आले, इंजिनिअर आले!" मिशीवाला म्हणाला. "माझं झालेलं पासिंग परत करायला लावलंस. कोणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला?"

"मी काकांसाठी..."

"काकांसाठी? काकांना विचारलंस?"

दुसरा एक जण म्हणाला, "अरे, ह्याला शिकवला कोणी? आपणच ना? बसवा अजून पुढच्या सीटवर!"

मी काकांकडे बघितलं. ते पायरीवरून उठले, कापडाने हात पुसले आणि मला म्हणाले, "साहेब, घरी जावा आता. उशीर होतो तुम्हाला."

साहेब. तुम्हाला. तेरा वर्षांत पहिल्यांदा. मिशीवाल्याच्या शिव्या मला लागल्या नाहीत, पण हे दोन शब्द लागले. आईकडे गेलो तर तिलाही सगळं कळलेलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "शिकून शहाना झालास, पन माणसाला विचारून बोलायचं नाय शिकलास. आता गप बसून काय व्हनार? जा, माफी माग." मी म्हणालो, ते बोलत नाहीत. ती म्हणाली, "मग लिही. एवढा लिहितोस ना?"

म्हणून मंगळवारी मी काकांना पत्र लिहिलं आणि स्पीड पोस्टाने पाठवलं. बोळिंजहून गासला. रिक्षाने गेलो असतो तर पत्राच्या आधी पोहोचलो असतो. पण समोर गेलो असतो तर त्यांनी परत 'साहेब' म्हटलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं. उत्तर आलं नाही. फोनही नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी मैदानाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. येतील की नाही, काही माहीत नव्हतं. सव्वाआठला पहिली व्हॅन दिसली, मागे दुसरी, तिसरी. आठही आल्या, एका रांगेत, वरात यावी तशा. मी बोटांवर मोजत होतो. शेवटून दुसरी काकांची. तिला नवे टायर होते. दागिने नाहीत, तिचे स्वतःचे. बाजूचे चार आकडे मी गाडी चालत असतानाच वाचायचा प्रयत्न केला, आणि ती फाटकाशी थांबली तेव्हा मला वर्ष दिसलं. याच वर्षीचं! मी एकटाच टाळी वाजवणार होतो. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही.

जुने चार टायर एका व्हॅनच्या टपावर बांधलेले होते. ते साहेबांसमोर उतरवून करवतीने कापून टाकले. पुढे राजोडीच्या एका कोळ्याने ते तुकडे होडीच्या कडेला बांधायला मागून नेले.

मग तपासणी सुरू झाली. तरुण निरीक्षकांच्या हातात एकच छापील यादी आणि एक छोटं गेज. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत तोच क्रम: आकडे, बाजू, खाच, दिवे, हॉर्न, वायपर, पट्टे, शेवटी धावपट्टीवर ब्रेक. मोठे साहेब खुर्ची टाकून बघत बसले होते. इतकं साधं काम, पण मी असं काही पूर्वी बघितलंच नव्हतं. कोणी कोणाला ओळखत असो वा नसो, कोणी मिशी पिळो वा हात जोडो, यादी तीच. दुसऱ्या गाडीनंतर ड्रायव्हरही ओळीने जमले, क्रिकेटची मॅच बघावी तसे. "आता वायपर!" "आता हॉर्न!" तिसऱ्याच्या गाडीचा हॉर्न बेडकासारखा वाजला तेव्हा निरीक्षकही हसले, आणि हसत हसत त्यांनी तो नापास केला.

मिशीवाल्याचा हातब्रेक धरला नाही. गाडी उतारावर हळूच मागे सरकली.

"सासरी जायला नको म्हणते," काका म्हणाले. सगळं मैदान हसलं, मिशीवालाही. सोमवारी सकाळी त्याने हातब्रेक दुरुस्त करून दाखवला आणि त्याचं पासिंग झालं.

मग काकांची गाडी. आकडे ठीक. बाजू ठीक. खाच ठीक. दिवे लावा. इंडिकेटर, उजवा. डावा. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा मागचा डावा इंडिकेटर टिकटिक करत लुकलुकत होता, एकदाही न चुकता. मी एवढा मोठा श्वास सोडला की शेजारच्याने विचारलं, "तुला काय झालं?"

निरीक्षक काकांच्या शेजारी बसले, पुढच्या सीटवर. माझ्या जागेवर. व्हॅन धावपट्टीच्या टोकाला गेली, वळली, वेग घेतला आणि खुणेवर आली. ब्रेक. जागेवर थांबली, सरळ, जरासुद्धा वाकडी नाही. ड्रायव्हरांनी आरोळी दिली. मीही दिली, बहुतेक सगळ्यात मोठ्याने.

निरीक्षक खाली उतरले तेव्हा त्यांच्या हातात एक पाकीट होतं. "हे तुमचं का?" त्यांनी काकांना विचारलं. "ब्रेक लागला तसं वरून सरकून माझ्या मांडीवर पडलं."

काकांनी ते घेतलं. मी ते पाकीट लांबूनच ओळखलं, माझ्या स्पीड पोस्टाचं. डोक्यावर उन्हासाठी जी आडवी फळी असते, तिच्या मागे ते खोचलेलं होतं. काका ते हातात घेऊन माझ्यापर्यंत आले. मग डोळे बारीक करून म्हणाले,

"बोल सायन्स. ब्रेक तर मी मारला. कागद का पुढं गेला?"

आठवीत असताना याच प्रश्नावर मी फडाफड बोललो होतो. आता तोंड उघडलं की रडू येणार हे मला कळत होतं. काका म्हणाले, "उद्या सांग. नाय सांगितलंस तर मागं बसवीन."

सोमवारी शाळा उघडली. काकांची व्हॅन वेळेवर फाटकातून आत गेली, एकही मूल कमी नव्हतं. मी त्या दिवशी कामावर उशिरा गेलो, कारण शाळेच्या फाटकाशी उभं राहून मला ते बघायचं होतं. तेव्हापासून आमच्या मैदानावर छापील यादी सगळ्यांनाच लागू झाली आहे. पुढे मशीन येणार, असंही ऐकतो. येऊ दे. मशीन कोणाचा मामा नाही आणि कोणाचा शत्रूही नाही. फक्त तिला नेमकं काय मोजायचं ते कोणीतरी नीट सांगायला हवं.

पत्र अजून त्या फळीमागेच आहे. मध्ये एकदा काकांकडून मागून मी ते इथे उतरवून घेतलं.

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मला साहेब म्हणालात. मी साहेब नाही. मी चुकलो आहे आणि ते आधी लिहितो. तुम्हाला न विचारता मी अर्ज दिला. मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल. स्टँडवरच्या सगळ्यांची मी माफी मागतो, पण सगळ्यात आधी तुमची.

दुसरी चूक टायरांची. मी खाचा मोजल्या आणि बाजू नीट बघितली नाही. ते टायर दहा वर्षांचे आहेत. शुक्रवारच्या साहेबांनी तुमच्यावर अन्याय केला नाही. मंगळवारच्या साहेबांनी नीट बघितलं नाही, तो अन्याय होता, आणि तो तुमच्यावर नाही, गाडीत बसणाऱ्या पोरांवर झाला. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण तुम्हीच मला शिकवलंत की उत्तर आवडलं नाही तरी सांगायचं.

तुम्ही विचारलं होतं, ब्रेक मारल्यावर आपण पुढे का जातो. मी पुस्तकातलं सांगितलं की आपलं शरीर चालूच राहतं, थांबते ती गाडी. ते अर्धंच उत्तर होतं. गाडी का थांबते, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. काका, एवढी मोठी गाडी रस्त्याला फक्त चार जागी टेकते, प्रत्येक जागा साधारण एका तळहाताएवढी. त्या चार तळहातांवर आमची सगळ्यांची शाळा झाली. तेव्हा ते टायर तुमचेच होते, नवे होते. मला त्याची किंमत आता कळली.

शनिवारी सगळ्यांना घेऊन या. दागिने नकोत. गाडी आहे तशी दाखवू. नापास झाली तर मी तुमच्याबरोबर गॅरेजात बसेन, रजा टाकून, पास होईपर्यंत. मी आठ वाजल्यापासून फाटकाशी असेन. तुम्ही बोलला नाहीत तरी उभा असेन.

आई बरी आहे. तिनेच लिहायला सांगितलं.

तुमचा,
पुढच्या सीटवरचा सायन्स

ता.क. मागचा डावा इंडिकेटर थंड गाडीला कधी कधी लागत नाही. मी नववीत असल्यापासून तो तसाच आहे. शनिवारच्या आधी तेवढा बघून घ्या.